आच

सावद्याच्या ग्रामीण रुग्णालयात, एक्स-रेच्या शेजारी,
पूर्वी जिथे सलाईनची रिकामी खोकी पडलेली असत
तिथे आता माझी खोली. खिडकीला काळा कागद,
कागदाच्या फटीवर चिकटपट्टी, तिच्यावर अजून एक,
कारण वैशाखातलं ऊन इथे
कुणाला विचारून आत येत नाही.

मशीन नवं आहे. हातात मावतं.
डोळ्यासमोर धरलं की आतला पडदा टिपतं
आणि चहाचा घोट गिळायच्या आत सांगतं:
ठीक. किंवा, पुढे पाठवा.
लाखो डोळे बघून शिकलंय म्हणे.
कुणाचे, ते पुस्तिकेत नाही.
जिनिंगच्या धुरळ्यात चोळून लाल झालेले,
केळीच्या वखारीत रात्र काढलेले
त्यात किती होते, मी विचारलं होतं प्रशिक्षणात.
तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

सिंधूबाई भंगाळे. एकसष्ट. साखर नऊ वर्षं.
लग्नाघरी मांडे करतात, खापरावरचे.
'मले तं सारं दिसते व माय,
सुईत दोरा ओवते मी. मंग काहाले?'
सगळे हेच म्हणतात.
हा आजार दुखत नाही,
घरात शिरतो तेव्हा कडीसुद्धा वाजत नाही.

पहिला फोटो: अस्पष्ट, पुन्हा घ्या.
दुसरा: अस्पष्ट.
तिसऱ्याला मशीन नुसतंच गोल गोल फिरत बसलं.
मोतीबिंदूची थोडी साय, बाहुली मोहरीएवढी.
मी थेंब टाकले, दिवा मालवला.
पंखा त्याच वेळी गेला, तो त्याच्या मर्जीनं.

अर्धा तास अंधार.
बाई बोलत राहिल्या. कणीक किती तिंबायची,
पुरण भरून हातावर कसं झुलवत न्यायचं
पार कोपरापर्यंत, न फाटता.
'इतका पातय, का त्याच्यातून दिवा दिसला पाह्यजे.
दिवा दिसला नई, तं तो मांडा नव्हे, गोधडी.'
मी हसले. त्याही.
बाहेर कुणीतरी दार ठोठावून निघून गेलं.

चौथा फोटो.
काचेवर नारिंगी गोल उगवला,
सुकी, मोर, भोकर तापीकडे याव्यात
तशा शिरा एका फिकट ठिकाणी येऊन मिळणाऱ्या,
आणि त्यांच्या काठाकाठानं तांबडे ठिपके.
मशीन म्हणालं: पाठवा.

मी शब्द जुळवत होते. रक्तवाहिनी, गळती, सूज.
तोवर बाईंनी काच हातभर लांब धरली,
थेंबांनी जवळचं सगळं पुसट झालेलं,
तरी मान तिरकी करकरून पाहिलं.
'हे तं खापर जास्त तापलं.
मांड्यावर अशेच डाग पडता.
मंग आच कमी करा लागते.'

मी जुळवलेले शब्द परत ठेवून दिले.

चिठ्ठी लिहिली: जळगाव, गुरुवार, इंजेक्शन.
'कुठी?'
'डोळ्यात.'
पहिल्यांदाच त्या गप्प झाल्या.
'दुखीन?'
'मुंगी चावल्याएवढं.'
मी स्वतः कधी घेतलेलं नाही, हे बोलले नाही.
गेलेलं सगळंच परत येईल असंही नाही म्हणाले.
पण मी नोकरीला लागले तेव्हा
अशा डोळ्यांना फक्त 'जपा' म्हणत असू,
आणि कशाला जपायचं ते आम्हालाही दिसत नसे.

बाहेर त्या निंबाखाली बसल्या, पदर कपाळावर ओढून.
बाहुल्या अजून सताड उघड्या.
'आज सूर्याले झालं तरी काय,' म्हणाल्या,
'साऱ्या गावाले तूप लावलं का काय यानं?'
बसची पाटी मी वाचून दाखवली.

रजिस्टर हातानंच भरायचं असतं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: आच कमी करणे.
वरिष्ठ विचारतील तेव्हा बघू.

पुढचे रमजान तडवी, केळीच्या ट्रकवर चालक.
दारातूनच म्हणाले,
'ताई, मले सारं दिसते.'
मी दिवा मालवला.