आस

वेंगुर्ल्याच्या बाजारात एकतीस वर्षं
मी भिंगं घासतो.
भिंगाला पोट असतं, नाहीतर खळगा.
तिसरं काही असतं हे ठाऊक नव्हतं
निलांबरी कुबल येईपर्यंत.

चौथीत तिला पहिला चष्मा मीच दिला, उणे दोनचा.
आता पुण्याहून आली ती डबी घेऊन.
आत रबराचा पारदर्शक तुकडा,
मधोमध मसुराएवढा डाग,
ओल्या बांगड्याच्या पाठीसारखा चमकणारा.
"काका, हे भिंग."

मी सवयीने हा करून वाफ सोडली,
सदऱ्याचं टोक पुढे केलं.
ती ओरडलीच.
त्या डागावर म्हणे लाखो खांब उभे,
एका केसाच्या जाडीत शेकड्याने मावतील असे;
बोट लागलं की गावच्या गाव आडवं.

काचेची जाडी उजेडाला वाकवते, एवढं मी जाणतो.
इथे जाडीच नाही.
एकेक खांब उजेडाला जरा थोपवतो,
मधला जास्त, कडेचा कमी,
आणि सगळे किरण एकाच ठिपक्यावर भेटतात.
मला अर्धंच कळलं.

तिचा बाप भिवा, मांगराच्या काळोखात
चाचपून जाळं शिवत बसलेला.
मोतीबिंदूचा एक डोळा झालाय, एक राहिलाय.
डबी नाकाशी नेऊन म्हणाला, "आस केवढी?"
तिने सांगितली. तो हसला.
"हेच्यातसून मासो सोड, पाणी सुद्धा जावचा नाय."
"उजेड जाता, बाबा. वाकान जाता."

मग तुकडा तिने त्याच्याच बोटांत दिला.
चारी बाजूंनी सारखा ताण, म्हणाली.
मला ते जमलं नसतं,
माझा हात घासणाऱ्याचा.
भिवाने ताणला,
ओढल्या जाळ्याची घरं उघडावीत
तसे खांब सरकले असणार;
मागच्या कागदावर नुसतं धुकं होतं,
तिथे धक्क्यावरची बोट आली,
उलटी, नखाएवढी.
सैल सोडलं, विरघळली.
ताणलं, आली.
भिवा कितीतरी वेळ तेच करत राहिला.
शिवणाची सुई कानावर तशीच.

"अजून हिरवाच नीट येतो,
लाल, निळा फाकतात," ती म्हणाली.
खरंच, बोटीवरच्या नायलॉनच्या जाळ्याचा ढीग
तेवढा कडांसकट बसला होता कागदावर.

खारं वारं लागलं तर? मी विचारलं.
तिने वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी दुकान उघडलं.
अधिक अडीचचं भिंग चाकाला लावलं, पाणी सोडलं.
गिऱ्हाईक सातला येणार होतं,
आणि पोट अजून जाड होतं.