स्तंभ पाचवा : स्त्रिया

हर्षल, हे वाक्य खोड.
'१९५१च्या जनगणनेनुसार
बामी धाकल्या मढवी, वय एकोणीस' –
इतकं काही जनगणना बोलत नाही.
ती म्हणते : घरं एक्काहत्तर,
पुरुष दोनशे नऊ, स्त्रिया दोनशे तीन.
बस्स.
नावांच्या चिठ्ठ्या मोजून झाल्यावर कुठे गेल्या,
लगदा झाला की वाळवी लागली,
मला कुणी सांगितलेलं नाही,
म्हणून तेही लिहू नकोस.

आणि एकोणीस कुठून आणलंस?
ते सिडकोच्या कागदावरून मागे मोजलेलं.
तिथल्या कारकुनाने आईचा चेहरा बघितला
आणि वय लावलं.
त्याची टीप वेगळी.

आता लिही : जिल्ह्याचं पुस्तक, ठाणे,
छापल्याचं साल, पान, ओळ, स्तंभ पाचवा.
मग, मी ते कुठे पाहिलं :
ठाण्यात, कोर्टनाक्याजवळच्या वाचनालयात,
पुठ्ठा सुटलेली प्रत, तारीख सात जून.
(पंखा बंद होता, ते नको.)
गावाचं नाव छापलंय तसंच उतरव.
इंग्रजीला ळ म्हणता येत नाही,
म्हणून आपलं गाव त्या पानावर बोबडं उभं आहे.
त्याला दुरुस्त करू नकोस.
चौकोनी कंस घालून शेजारी खरं नाव ठेव,
पाहुण्यांत बोबड्या पोराशेजारी
आई उभी राहते तसं.

म्हणशील, आत्या, एवढं कोण बघतंय?

दोन हजार अकरा, फेब्रुवारी.
घणसोली, गळ्यात ओळखपत्र,
शाळा सुटली की जिने.
तिसऱ्या मजल्यावर कुलूप. तीनदा गेले.
चौथ्यांदा शेजारीण म्हणाली,
नवराबायको आहेत, एक मुलगी,
दहावीला असेल. की बारावीला?
पातेलं उतू जात होतं तिचं, ती आत पळाली.
मी लिहिलं : सोळा.
तो सोळा आज कुठल्यातरी बेरजेत
कडक इस्त्री करून बसलाय.
माहिती कोणी दिली, याला रकानाच नव्हता.
पातेल्याला तर नव्हताच.

मग एक्कावन्नात आपल्या ओट्यावर कोण आलं असेल?
कुणी मास्तर, बांधावरून चालत,
चपला हातात घेऊन.
दारात कोण होतं? बहुतेक म्हातारा काका,
कानाने अधू.
फेब्रुवारी म्हणजे मिठागरं भरात,
बाया सगळ्या कोंडींवर,
गावात उरलेली माणसं मोजायला सोपी.
आणि आई स्वतः टेपवर म्हणते,
'मी त तवा उरनला व्हती, आयचे घरा.'

म्हणजे ती तिथल्या बेरजेत, की इथल्या?
की दोन्हीकडे धरली,
की मास्तरांनी वही मिटली तेव्हा
उरण आणि आपलं गाव यांच्यामध्ये
कुठल्याशा मचव्यात बसलेली,
डोक्यावर पाटी, कुठेच नाही?

तू वाक्य लहान कर.
'१९५१ साली गावात स्त्रिया दोनशे तीन.'
खाली टीप घाल : यात बामी आहे की नाही,
या पुस्तकावरून सांगता येत नाही.
टीप वाक्यापेक्षा मोठी झाली तर होऊ दे,
आपल्या घरात बोलणं कमी
आणि सांगायचं राहिलेलं नेहमीच जास्त.

टेपचीही नोंद कर.
सांगणार : बामी मढवी, त्या वेळी सत्तरीच्या पुढे.
विचारणार : मी, कुसुम, तिची मुलगी,
जन्म त्या मोजणीनंतर सतरा वर्षांनी,
तेव्हा मी प्रत्यक्ष पाहिलेलं काहीच नाही.
बाजू दुसरी.
'आयचे घरा' नंतर कोंबडा आरवतो
आणि पुढचे दोन शब्द ऐकू येत नाहीत.
मी अकरा वेळा ऐकलं.
तिथे अंदाजाने काही भरू नकोस.
कोंबडा लिही.