खारीचं कातडं

मंगळवारच्या बाजारात, हळदवाल्याच्या शेजारी
खताच्या रिकाम्या पोत्यावर बसतो मी.
फाटक्या नोटा घेतो.
पन्नासाचा कोपरा गेला असेल तर चाळीस,
उंदरानं मधोमध खाल्ली असेल तर बघू.
डबीत भाताची खळ,
आणि उजेडात धरून पाहायला
मोडक्या चष्म्याची एक काच.

दुपारी प्रणोतीचा फोन आला. तिकडे सकाळ,
पण अंधार अजून तसाच.
म्हाताऱ्यांच्या निवासातली रात्रपाळी संपवून निघाली होती.
गावाचं नाव ऊलू. मी उल्लू म्हणतो, ती हसते.

"बाबा, इकडे कागदी पैशाले पापेरिराहा म्हंतेत.
पापेरि म्हंजे कागद, थे त समजलं.
पन राहा म्हंजे आंधी कातडं होतं. खारीचं!
ज्या आजोबाचे मी नखं कापतो ना, त्यानं सांगतलं.
कातडं द्याचं, मीठ घ्याचं.
मंग नानं आलं, कागद आला,
शब्द काई कोनी बदलला नाही."

कागदाचं कातडं.
सुपारीच्या खांडासारखं
या गालातून त्या गालात फिरवत राहिलो.

समोर पुस्तकलाबाई, रोवण्याच्या मजुरीतली
धुण्यात भिजलेली वीसची नोट घेऊन.
तिला सांगितलं, तर म्हणते,
"मंग आपल्यात काय म्हंतेत?"
"रुपया. रुपं म्हंजे चांदी."
"कागदाची चांदी?" तिनं पाय पुढे केला.
"माह्या तोरड्यात बी गिलट हाय, भाऊ."

चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं आपण म्हणतो.
तिकडे चमडी हीच दमडी होती.
कोणाची गेली, ते खारीला विचारावं.

जुनी नोट हाताळून हाताळून मऊ पडते,
घडीवर बारीक लव येते तिला.
इतकी वर्षं ही लव मी
अंगठ्यानं उलटी फिरवून पाहतो,
खरी-खोटी ओळखतो,
आणि नाव माहीत नव्हतं.

वीसच्या बदल्यात अठरा दिले.
"दोन तुह्ये. खारीचा वाटा," ती म्हणाली,
आणि तीनदा मोजून घेतले.

ओली नोट मनगटावर पसरली, वाळेपर्यंत.
हळदवाल्यानं विचारलं, काय लागलं हाताला?