गैरहजेरीचं कारण

विट्यात, स्टँडच्या मागं,
मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर मुल्ला सरांचा क्लास.
खाली तांब्याची तार गुंडाळत असतात,
वर आम्ही अकरा बायका
आणि खात्याच्या परीक्षेला बसलेला एक कंडक्टर.

आज कारणं.
सर फळ्यावर लिहितात, बिकॉज.
ह्याच्या पुढं अख्खं वाक्य लागतं, म्हणतात,
कर्ता, क्रियापद, सगळं वऱ्हाड.
बिकॉज ऑफला एक नाम पुरतं.
ताप. ट्रॅफिक. लाईट.
एका शब्दात भागतं, पुढं कुणी विचारत नाही.

सिन्स मला आवडला.
पासूनही तोच, म्हणूनही तोच.
तुम्ही कोइमतूरला गेलात तेव्हापासून,
तुम्ही कोइमतूरला गेलात म्हणून.
कंडक्टरनं विचारलं, मग ओळखायचं कसं?
सर म्हणाले, पुढचं ऐकायचं.

ड्यू तर ओळखीचाच,
लाईटबिलावर दर महिन्याला भेटतो.
ओइंगमध्येही देणंच आहे म्हणे.
हे लोक कारण सांगतात
का उधारीची वही उघडतात?

आपलं मुळे जमिनीखालचं.
तुमच्यामुळे म्हटलं की
उपकार का आरोप, ते आवाजावर.
आत्याबाई दोन्ही एकाच आवाजात म्हणायच्या.
इंग्रजीत त्याची वाटणी झालेली,
चांगल्याला थँक्स टू,
बाकीचं बिकॉज ऑफ.
मी वहीत दोन रकाने पाडले
आणि तुमचं नाव लिहायला पेन थांबलं.
तेवढ्यात सर म्हणाले,
थँक्स टू टोमण्यातही चालतं.
सगळ्या हसल्या.
मी रेघ खोडून टाकली.

घरी विराजच्या डायरीत शाळेची चिठ्ठी :
तीन दिवस गैरहजर, लेखी कारण द्या, इंग्रजीतून.

बिकॉज, मी सुरुवात केली,
बिकॉज त्याचे वडील गलाईच्या भट्टीवरनं
चौदा महिन्यांनी आले, आणि पहिल्या दिवशी
तो दाराआडनं बाहेरच आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी
त्यानं तुमची पिवळी पडलेली बोटं
एकेक करून मोजली, दहाच आहेत का ते बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी
बॅगेवर बसून राहिला, उठेना,
उठवायचं मला जमेना, आणि

वऱ्हाड काही आवरेना.
पान फाडलं.
ड्यू टू फीवर, लिहिलं,
खाली सही, आईच्या रकान्यात.

विराजनं बोट ठेवून वाचलं.
मला ताप कुठं होता, आई?

होता, म्हटलं.
तुला कळला नाही.