नाव काय घालू?

थकलेल्या पाणीपट्टीची बैठक.
चौदा खुर्च्या, चौदा बाटल्या,
प्रत्येकीवर बर्फाचा डोंगर,
आणि भिंतीवर तानसा धरणाचा फोटो,
काच कधीची पुसायची राहिलेली.

मी पाणी खात्यात कारकून. बिलं काढते.
कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी येतं, मला पाठ.
ते तोंडाला लावायचं धाडस मात्र
आमच्या कचेरीत कुणाला नव्हतं.

बैठक उठली की वेंगुर्लेकर शिपाई बाटल्या गोळा करतो.
एक घोट घेतलेली. अर्धी.
नुसतंच झाकण पिळून ठेवलेली.
कुणाची कुठली, कोण सांगणार?
म्हणून सगळ्याच मोरीत.
त्या दिवशी मी म्हटलं, थांब, बादलीत ओत.
साडेतीन लिटर भरलं.
तो म्हणाला, "बाई, हे कुणाच्या बिलात टाकता?"

शनिवारी तांबाकाट्याला गेले.
दुकानदार दाखवत सुटला:
ही गरम राहील, ही थंड राहील.
म्हटलं, नुसती राहील अशी द्या.

पायरीवर जशवंतकाका कंसारा,
मांडीवर गोणपाट, हातात घुरघुरती सुई.
"नाव काय घालू?"

आणि मला घरची मांडणी दिसली.
घागरीवर आजोबा.
परातीवर आत्याच्या सासऱ्यांचं आडनाव.
आईच्या लग्नातल्या पाच पेल्यांवर
'श्री. गजानन पाठारे यांजकडून सप्रेम', तिथी, सन.
आईने ती भांडी चाळीस वर्षं घासली.
तिचं नाव एका चमच्यावरही नाही.

"बेन, नाव?"
हेमांगी.
"पुढे? मिस्टरचं?"
नुसतं हेमांगी.
"हेमांगी मुंबईत पुष्कळ हाय."
मग खाली लिहा, पाणी खाते.
त्यांनी लिहिलं: पानी खाते.
स्टीलवरचं खोडता येत नाही.
मीही काही बोलले नाही.

जड आहे. खांदा दुखतो.
झाकणाच्या रबराखाली काळं साचतं,
जुन्या ब्रशने रोज काढावं लागतं,
एक दिवस आळस केला की वास.
"बाई ट्रेकला निघाल्या," असं पंधरा दिवस चाललं.
मी घरून गाळलेलं, उकळलेलं भरून आणायची;
मग उकळणं सुटलं. मला काही झालं नाही,
याची मात्र चौकशी सगळ्यांनी केली.

दिवाळीच्या आधी ती बसमध्ये राहिली.
रडू आलं, खोटं कशाला बोलू.
दादरच्या चौपाटीवर भरती ओसरली की
बाटल्या परत आलेल्या असतात ढिगाने,
त्यांना हाक मारणारं कुणी नसतं.
तिसऱ्या दिवशी वडाळा आगारातून फोन:
"ते पानी खात्यातल्या हेमांगी तुम्हीच का?"
शोधत शोधत तीन विभाग फिरून आला होता तो फोन.
बाटलीला कुशीत पोचा पडलेला,
आत अजून अर्धं पाणी.
आगारातल्या जास्वंदीला घातलं.

परवाच्या बैठकीत पाच बाटल्या स्टीलच्या.
साहेबांनी मुलाची आणलेली,
'ओजस, सहावी ब'.
नऊ डोंगर अजून बाकी आहेत.

सगळे गेल्यावर वेंगुर्लेकर टेबल पुसत होता.
पुसून झालेलं पुन्हा पुसत होता.
"तो तांबाकाट्याचा म्हातारा,
अक्षराचे किती घेतो हो?
हिचं नाव जरा मोठं आहे. सत्यभामा."
मग फडकं पिळत,
"जोडाक्षराचे जास्त पडतील का?"