पुराव्यादाखल

अर्ज मीच लिहिला. आईला अक्षर येत नव्हतं.
शेवटी तिनं फुली मारली, टाक काटकीसारखा धरून,
आणि फुलीच्या दोन्ही अंगांना मी तिचं नाव बसवलं:
लोविना, फुली, पेटिंगिल.

सरकारला आधी हवं होतं की ऑरिन मेला.
ते सोपं गेलं. कॅप्टनचं पत्र होतं:
व्हर्जिनियातली एक नदी, मे महिना, सकाळ, मानेत गोळी.
मग हवं होतं की तो आमचाच होता.
दाईनं पाद्र्यासमोर शपथ घेतली: मार्चातली रात्र,
बर्फ खिडकीच्या वर. पोर पायाळू होतं, म्हणाली,
म्हणून ध्यानात राहिलं.

मग बाप. बाप जिवंत आहे, तर पोसत का नाही?
डॉक्टरनं लिहिलं: उजवा पाय गेलेला, करवतीच्या गिरणीत.
सफरचंदाच्या दारूचं त्यानं लिहिलं नाही.
शेजारचा फिलब्रिक वही घेऊन घरभर हिंडला,
एक गाय, सहा मेंढ्या, एक लोखंडी चूल, तडकलेली.
आई त्याच्या मागं मागं फडकं घेऊन,
पाहुणा आल्यासारखी राख पुसत.

शेवटचं कलम: मुलगा पैसे पाठवत असे काय?
असल्यास पुरावा जोडावा.

सतरा पत्रं होती, पिठाच्या रिकाम्या डब्यात,
उंदरांच्या भीतीनं. मी ती टेबलावर पसरली
आणि वाटाणे निवडावेत तशी निवडायला बसले.
"सोबत दहा डॉलर. तांबडी गाय व्याली का?
आईला बूट घ्या, तिच्या टाचा फुटतात."
हे गेलं.
"बारा डॉलर. मेपलचा रस यंदा कोण काढतंय?
मी केलेल्या बादल्या गळतात का, खरं सांगा."
हे गेलं.
"या महिन्यात पगार झाला नाही, पण विसरलो नाही."
हेही गेलं, विसरलो नाही एवढ्यासाठी.
बापाच्या पायाची चौकशी होती ती सगळी गेली.
माया आणि पैसे तो एकाच ओळीत लिहायचा.

पंधरा पत्रं वॉशिंग्टनला गेली.
परत मिळत नाहीत, पोस्टमास्तर म्हणाला,
पाकीट थैलीत पडल्यावर.

दोन उरली. एकात नुसता चिखल,
गाडीचं चाक, खेचराचं पोट, चिखल.
दुसरं अगदी पहिलं, भरतीच्या छावणीतून:
"बापाला सांगा, ज्या हातानं मला मारलं
तो हात मातीत जाईस्तोवर
मी त्या उंबऱ्यात पाऊल टाकणार नाही."

आई रविवारी म्हणायची, अल्मायरा, वाच.
मी चिखल वाचायचे. मग दुसरं उलगडायचे,
आणि नजर कागदावरून न हलवता
म्हणायचे, तांबडी गाय व्याली का.
म्हणायचे, बूट. म्हणायचे, बादल्या.
सगळं पाठ होतं. थोडं पदरचंही घातलं,
एकदा तर पांढऱ्या फुलांनी लगडलेलं एक झाड.

बाप कोपऱ्यात, लाकडी पाय शेकोटीकडे करून, ऐकायचा.
त्याला वाचता येत होतं.
ते पत्र आलं तेव्हा त्यानंच फोडलं होतं,
आणि काही न बोलता डब्यात ठेवलं होतं.

महिना आठ डॉलर सुरू झाले. चूल बदलली.
आईनं बूट घेतले, नि खाटेखाली ठेवून दिले.

मग एका हिवाळ्यात, माझं वाचून झाल्यावर,
तिनं ते माझ्या हातून घेतलं, उलटंपालटं केलं,
दिव्यापाशी धरलं.
एवढीशी ही चिठोरी, म्हणाली. चारच ओळी दिसतात मला.
एवढं सगळं कसं गं मावलं यात?

मी काही बोलणार,
तोच बाप म्हणाला,
बारीक अक्षर होतं त्याचं.