हत्तीच्या वाटेनं

ह्वे शहरात उतरलो तेव्हा सकाळचे नऊ,
आणि सदरा आधीच पाठीला चिकटलेला.
राजवाड्याच्या दरवाजाचं नाव विचारलं तर लाम म्हणाला,
दुपार. किंवा दक्षिण. किंवा घोडा.
एकाच शब्दात तिन्ही राहतात,
भाडं वाटून घेतल्यासारखे.

आत जायला पाच वाटा.
मधली राजाची.
तिच्या दोन्ही अंगांना दरबारी, एकीकडे कलम, एकीकडे तलवार.
आणि पार कडेला, भिंतीत वळून गेलेली दोन भुयारं:
शिपाई, घोडे, हत्ती.

एकतीस वर्षं मिरजेच्या जकात नाक्यावर काढली मी,
कुठलं वाहन कुठून सोडायचं
हे मला कुणी शिकवायला नको.
ट्रक डावीकडून, बैलगाडी कडेनं,
लाल दिव्याची गाडी आली की बांबू वर, पावती नाही.
मग एक दिवस जकातच गेली.
बांबू कुणी नेला, कळलंसुद्धा नाही.

इथलं राज्य गेलं तेव्हा निदान समारंभ झाला.
या दरवाजावरच्या सज्जात उभं राहून
शेवटच्या राजानं शिक्का आणि तलवार
दुसऱ्यांच्या हाती दिली.
खाली माणसं मावत नव्हती म्हणे.
लाम हे सांगताना घड्याळ बघत होता;
साडेदहाला त्याच्याकडे कोरियन मंडळी यायची होती.

मधल्या वाटेला आता जाळी.
लोक जाळीला मोबाइल टेकवून
पलीकडचा रिकामा रस्ता टिपतात.
मीही टिपला. फोटोत जाळीच आली.

तिथंच ती झाडत होती.
बिल्ल्यावरचं नाव इतकं लांब
की दोन ओळींत मोडलेलं:
कोंग तांग तोन नू,
आणि खाली, न्यान.
लाम हळूच म्हणाला, वरची ओळ राजघराण्याची.
मुलगी कितव्या पिढीतली, ते नावातच मोजलेलं असतं.
आणि न्यान म्हणजे?
तो हसला. निवांत.

न्यानबाईंनी खराट्यानं गोळा केलं:
चाफ्याची तपकिरी पडलेली फुलं,
आइस्क्रीमच्या काड्या, कुणाचं तरी फाडलेलं तिकीट.
चाकांच्या डब्यात लोटलं
आणि डबा ओढत कडेच्या भुयाराकडे निघाल्या.

मी खुणेनं विचारलं, इथून येऊ?
त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं,
मग भुयाराच्या कमानीकडे,
आणि हाताची सोंड करून दाखवली.
चला.

आत गार. विटांना शेवाळाचा वास.
वाट मध्येच काटकोनात वळते, पलीकडचं काही दिसत नाही.
म्हणजे हत्तीलाही इथं घटकाभर थांबून
पुढे काय आहे
याचा विचार करावा लागत असणार.
भिंत एका उंचीवर गुळगुळीत झालीय.
हत्तींनी, की टेकून उभ्या राहिलेल्या शिपायांनी,
की नुसत्या दमटपणानं,
मी हात फिरवला.
माझाही थोडा घाम तिथं राहिला.

आमच्यात म्हणतात, हत्ती गेला, शेपूट राहिलं.
हे त्यांना सांगायचं होतं,
पण हत्तीची खूण त्यांनीच वापरून टाकली होती
आणि शेपटाची मला सुचेना.
डब्याचं एक चाक करकरत होतं.
वरती, कुठल्या तरी मजल्यावर, एक शाळा
तालात पायऱ्या चढत होती.

वळणापाशी त्या थांबल्या.
अरुंद वाट, डबा, मी, आणि समोरून
तिरपं आत आलेलं ऊन.
त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या
आणि आडवा खराटा
सावकाश
उभा केला.

इतक्या वर्षांत बांबूच्या या बाजूला
मी कधी उभा राहिलो नव्हतो.
काय करायचं असतं ते ठाऊक नसल्यानं
खिसे चाचपले,
मग नुसता नमस्कार केला आणि गेलो.

बाहेर लाम मला
दरबाऱ्यांच्या दारात शोधत होता.